टाका न धरणारी धमनी

हृदयातून निघून छाती आणि पोट पार करत कमरेपर्यंत उतरणारी महाधमनी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. मराठी विश्वकोशात तिला महारोहिणी म्हटले आहे. प्रौढ माणसात हृदयाजवळ तिचा व्यास साधारण तीन सेंटिमीटर असतो. तिच्या भिंतीत तीन थर असतात. मधल्या थरातले लवचीक तंतू प्रत्येक ठोक्याबरोबर ताणले जाऊन पुन्हा आक्रसतात आणि कोलॅजेनचे चिवट धागे हा ताण हाताबाहेर जाऊ देत नाहीत. भिंत कुठे दुबळी झाली की ती फुगू लागते. हा फुगा म्हणजे अॅन्युरिझम. तो फुटू शकतो, किंवा आतला थर चिरून रक्त भिंतीच्या थरांमध्येच घुसते आणि भिंत उकलत जाते. या उकलण्याला डिसेक्शन म्हणतात.

उतारवयात धूम्रपानामुळे किंवा चढ्या रक्तदाबामुळे होणाऱ्या फुग्याच्या वर आणि खाली बहुधा शिवता येईल अशी भिंत शिल्लक असते. जन्मतःच संयोजी ऊतकांत दोष असलेल्या माणसाचे तसे नसते. त्याची भिंत सगळीकडेच कच्ची असते, फुगा तिथे फक्त आधी दिसतो. फुगा कापून कृत्रिम नळी बसवायची तर तिची टोके त्याच कच्च्या भिंतीला शिवावी लागतात. अशा रुग्णाच्या रक्ताच्या गोठण्यात सहसा काही खोट नसते, तपासण्यांचे आकडे ठीक येतात आणि तरीही सुईने पाडलेल्या छिद्रांतून रक्त पाझरत राहते.

संयोजी ऊतकांच्या या जन्मजात रोगांची ओळख पटली ती हृदयावरून नव्हे, तर हाडांवरून आणि त्वचेवरून. १६५७ मध्ये योब फान मेकरेन या डच शल्यवैद्याने एका स्पॅनिश तरुणाची नोंद केली. त्याच्या छातीवरची कातडी ओढली तर थेट कानापर्यंत येत असे. १८९६ मध्ये पॅरिसच्या आंत्वान मार्फां या बालरोगतज्ज्ञाने विलक्षण लांब आणि सडपातळ हातापायांच्या एका पाच वर्षांच्या मुलीची हकिकत डॉक्टरांच्या सभेत मांडली. डेन्मार्कच्या एड्वर्ड एलर्स यांनी १९०१ मध्ये सैल सांधे आणि जागोजागी काळेनिळे डाग असलेल्या एका विद्यार्थ्याचे वर्णन छापले, तर फ्रान्सच्या आंरी दांलो यांनी १९०८ मध्ये ताणली जाणारी आणि चटकन फाटणारी त्वचा नोंदवली. मार्फान सिंड्रोम आणि एलर्स-डान्लोस सिंड्रोम ही नावे इथून आली. पुढची कित्येक वर्षे दोन्ही रोग वैद्यकाच्या कौतुकालयातच राहिले. पहिल्याची गणना हाडांच्या विकारांत झाली आणि दुसरा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला. एलर्स यांच्या विद्यार्थ्याच्या अंगावरचे डाग कातडीखाली रक्त सांडल्याचे होते आणि खरी गोष्ट त्या डागांतच दडलेली होती.

मार्फानच्या रुग्णांची महाधमनी फुगते आणि उकलते हे १९४३ च्या सुमारास अमेरिकी नियतकालिकांत ठळकपणे मांडले गेले. त्यावर शिक्का मारला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील व्हिक्टर मॅक्युसिक यांनी. १९५५ मध्ये त्यांनी या सिंड्रोमच्या हृदयविषयक बाजूवर निबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी संयोजी ऊतकांच्या आनुवंशिक विकारांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. उंच शरीर, जागेवरून सरकलेले डोळ्यातले भिंग आणि फुगलेली महाधमनी या सगळ्यांमागे एकच आनुवंशिक दोष असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो दोष कोणता हे कळायला आणखी छत्तीस वर्षे लागली.

शस्त्रक्रिया तेव्हा नुकती कुठे महाधमनीपर्यंत पोहोचत होती. लंडनच्या ॲस्टली कूपर यांनी १८१७ मध्ये पोटातली महाधमनी दोरा बांधून बंद केली होती, तो रुग्ण चाळीस तास जगला. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातल्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळले. त्याने ऊतक चिडून जाड होईल आणि फुग्याला बाहेरून आवळ बसेल, अशी कल्पना होती. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून थोडे अधिक जगले आणि अखेर तोच फुगा फुटून १९५५ मध्ये गेले. त्यांचा फुगा आनुवंशिक रोगाचा नव्हता. बाहेरून आवळ देण्याची ती कल्पना मात्र पुढे एका वेगळ्याच माणसाच्या हातून परत आली.

फुगा कापून काढून त्या जागी दुसरी नळी बसवण्याचे काम पॅरिसच्या शार्ल द्युबो यांनी मार्च १९५१ मध्ये करून दाखवले. त्यांनी मृत व्यक्तीच्या शरीरातून काढलेला धमनीचा तुकडा वापरला. असे तुकडे मिळणार किती आणि टिकणार किती, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर ह्यूस्टनच्या मायकेल डेबेकी यांनी कापडाच्या दुकानात शोधले. ते नायलॉन आणायला गेले होते. दुकानात नायलॉन नव्हते, डॅक्रॉन होते. घरच्या शिवणयंत्रावर त्यांनी स्वतः नळ्या शिवून पाहिल्या आणि डॅक्रॉनची ती नळी आजपर्यंत टिकून आहे.

मार्फानमध्ये फुगा येतो तो बहुतेक महाधमनीच्या मुळाशी, हृदयाला अगदी लागून. तिथेच महाधमनीची झडप असते आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्याही तिथूनच फुटतात. मूळ फुगले की झडपेच्या पाकळ्या एकमेकींना मिळेनाशा होतात आणि बाहेर टाकलेले रक्त प्रत्येक ठोक्याला मागे येते. १९५० च्या दशकात काही शल्यविशारदांनी शिंप्याने ढगळ सदरा बेतावा तशी या धमनीची भिंत कापून घेऊन अरुंद शिवली. उरलेली भिंतही त्याच रोगाची असल्याने ती पुन्हा फुगे. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र यशस्वीपणे वापरले आणि १९५६ मध्ये डेंटन कूली आणि डेबेकी यांनी या यंत्राच्या आधारे महाधमनीचा हृदयाजवळचा चढता भाग बदलला. झडप वेगळी आणि नळी वेगळी बसवण्याची पद्धत आली. तरी दोन्हींच्या मधली रोगट पट्टी जिथल्या तिथेच राहत होती.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९६६ मध्ये ह्यू बेंटॉल यांच्यासमोर ही पट्टी आली तेव्हा तिला शिवण्याजोगे काही उरलेच नव्हते. त्यांनी कृत्रिम झडप नळीच्या एका टोकाला शिवली, दोन्ही मिळून एकच वस्तू केली आणि ती थेट झडपेच्या कड्याला जोडली. नळीला दोन भोके पाडून हृदयधमन्यांची तोंडे तिथे शिवली. बेंटॉल आणि अँथनी डी बोनो यांचा हा लेख १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. आज ही शस्त्रक्रिया बेंटॉल याच नावाने ओळखली जाते. रोगट मूळ शक्य तितके काढून टाकायचे, ही या क्षेत्रातली पहिली खरी उमज होती.

रक्तस्राव त्यानेही थांबला नाही. इथे तीन अडचणी एकत्र येत. भिंत मऊ होती. हृदय-फुप्फुस यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावेच लागे. शिवाय डॅक्रॉन म्हणजे शेवटी विणलेले कापड, त्याच्या विणीतूनही रक्त झिरपे. त्यासाठी शल्यविशारद आधी रुग्णाचे थोडे रक्त काढून नळी त्यात भिजवत, म्हणजे विणीतली छिद्रे गुठळ्यांनी बुजत. हेपॅरिनच्या अंमलाखाली या गुठळ्या तग धरत नसत. मग कुणी नळी अल्ब्युमिनमध्ये किंवा रक्तद्रवात बुडवून वाफेच्या भट्टीत घालू लागले. अंडे शिजून घट्ट व्हावे तशी प्रथिने विणीत घट्ट बसत. १९८० च्या दशकात कारखान्यातूनच जिलेटिन किंवा कोलॅजेन भरलेल्या नळ्या येऊ लागल्या आणि शस्त्रक्रियागृहातला हा स्वयंपाक बंद झाला. या इतिहासात मोठ्या नावांच्या शस्त्रक्रियांचा गाजावाजा होतो, पण कापडाची वीण बुजवण्याच्या या कामाने किती जीव वाचवले असतील याचा हिशेब कुणी मांडत नाही.

टाक्यांमधून होणारी गळती रोखण्यासाठी बेंटॉल यांनी फुग्याची रिकामी झालेली भिंत नळीभोवती परत गुंडाळून शिवली होती. म्हणजे जे गळेल ते आत कोंडले जाईल. ते कोंडले जाईच, पण भिंत आणि नळी यांच्यामध्ये साचलेले रक्त दाब देई आणि हृदयधमन्यांच्या जोडावर ताण येई. काही वर्षांनी त्या जोडापाशीच नवा, खोटा फुगा दिसे. पॅरिसच्या ख्रिस्तियां काब्रोल यांनी यावर दोन तोडगे काढले. हृदयधमन्यांची तोंडे ओढून न आणता मध्ये एक बारीक नळी घालायची, आणि कोंडलेल्या रक्ताला हृदयाच्या उजव्या कप्प्यात वाट करून द्यायची. सांडलेले रक्त त्यामुळे रक्ताभिसरणातच परत जाई. गळती थांबत नसेल तर तिला घरातच वळवावे, असा हा व्यवहारी विचार होता. शेवटी टिकली ती सेंट लुईसच्या निकोलस कुचूकोस यांनी रुळवलेली पद्धत. हृदयधमनीचे तोंड भोवतालच्या भिंतीच्या गुंडीएवढ्या चकतीसह कापून मोकळे करायचे आणि ती चकती नळीवर शिवायची. गुंडाळणे बंद झाले. टाका भिंतीतून चिरत खाली येऊ नये म्हणून त्याखाली टेफ्लॉनच्या नमद्याचे तुकडे ठेवण्याची रीत रुळली, आणि फाटक्या थरांना चिकटवणारे गोंदही फ्रान्समधून आले.

यापेक्षाही मोठा फरक पडला तो शस्त्रक्रिया कधी करायची या प्रश्नाच्या उत्तराने. १९७२ मध्ये मॅक्युसिक यांच्या गटाने मार्फानच्या २५७ रुग्णांची आयुर्मर्यादा अभ्यासली. मरण पावलेल्या ७२ जणांचे सरासरी वय ३२ होते आणि कारण कळलेल्यांपैकी बहुतेकांचा मृत्यू हृदयाने किंवा महाधमनीने ओढवला होता. जॉन्स हॉपकिन्समध्ये व्हिन्सेंट गॉट यांनी १९७६ मध्ये मार्फानच्या रुग्णावर पहिली बेंटॉल शस्त्रक्रिया केली. दहा केंद्रांतील ६७५ रुग्णांचा त्यांचा अहवाल १९९९ मध्ये आला. आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांतले मृत्यू १.५ टक्के होते, तर चोवीस तासांच्या आत धावपळीने केलेल्या शस्त्रक्रियेत ११.७ टक्के. डिसेक्शन झालेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांची महाधमनी साडेसहा सेंटिमीटर किंवा त्याहून कमीच रुंद होती. त्यामुळे थांबण्याची मर्यादा खाली येत गेली आणि पुढे पाच सेंटिमीटरच्या आसपास स्थिरावली. इकोकार्डिओग्राफीमुळे दरवर्षी मोजमाप घेणे सोपे झाले होते. अमेरिकेची व्हॉलिबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमधल्या सामन्यात बाकावर बसली असताना कोसळून गेली. तिच्या शवविच्छेदनात मार्फान आढळला आणि उंच खेळाडूंच्या तपासणीकडे लोकांचे लक्ष गेले.

बेंटॉल शस्त्रक्रियेत एक विसंगती राहून गेली होती. बसवलेली धातूची झडप गुठळ्यांनी अडकू नये म्हणून रुग्णाला आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी औषधे घ्यावी लागत, आणि तीही अशा शरीरात की जिथे धमनी पुन्हा कधी उकलेल याचा नेम नाही. मॅग्डी याकूब यांनी लंडनमध्ये आणि टिरोन डेव्हिड यांनी टोरांटोमध्ये रुग्णाची स्वतःची झडप वाचवून फक्त मूळ बदलण्याच्या दोन वेगळ्या पद्धती बसवल्या. डेव्हिड यांची पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत झडप नळीच्या आत बसवलेली असल्याने टाक्यांना बाहेरून कापडाचा आधार मिळतो, कच्च्या ऊतकाच्या दृष्टीने हा फायदा मोठा. टाल गोल्सवर्दी या ब्रिटिश अभियंत्याला यापैकी काहीच नको होते. तो स्वतः मार्फानचा रुग्ण होता. प्रतिमांवरून आपल्या महाधमनीचा हुबेहूब साचा करून त्यावर जाळीची बाही बेतावी आणि ती धमनीवर बाहेरून चढवावी, असे त्याने सुचवले. मे २००४ मध्ये लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात तशी पहिली शस्त्रक्रिया त्याच्यावरच झाली. आवळ बाहेरून देण्याची निसेन यांची कल्पना अर्धशतकानंतर मापात शिवून आली होती.

इथपर्यंतची हकिकत चढत्या यशाची आहे. एलर्स-डान्लोसच्या एका प्रकारात हे यश लागू पडले नाही.

एलर्स-डान्लोसच्या बहुतेक प्रकारांत सांधे आणि त्वचा यांचेच हाल होतात. त्यातला एक प्रकार धमन्या फोडतो हे १९३६ मध्ये जर्मनीत गेओर्ग झाक यांनी नोंदवले होते आणि १९६७ मध्ये ए. पी. बाराबाश यांनी रुग्णांचे गट पाडून दाखवताना तो वेगळा काढला. या रुग्णांची त्वचा ताणली जात नाही. ती इतकी पातळ असते की छातीवरच्या शिरा दिसतात. सांधेही, बोटांचे सोडले तर, फारसे सैल नसतात. त्यामुळे ज्याच्यावर संशय घ्यावा तोच रुग्ण संशयातून निसटे. १९७५ मध्ये एफ. एम. पोप आणि सहकाऱ्यांनी कारण शोधले. या रुग्णांत तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेन नव्हते किंवा जेमतेम होते. धमन्या, आतडे आणि गर्भाशय यांच्या भिंती मुख्यतः याच कोलॅजेनवर तगून असतात.

या कोलॅजेनचा रेणू तीन एकसारख्या धाग्यांचा पीळ असतो. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तर निम्मे धागे खराब निघतात. तिन्ही चांगले धागे एकत्र येण्याची शक्यता मग आठात एक उरते. म्हणजे आठांपैकी सात पीळ सदोष. बिघडलेल्या प्रतीतून धागाच निघाला नाही तर कोलॅजेन निम्मे होते, पण असते ते चांगले, आणि अशा रुग्णांत संकट बरेच उशिरा येते. निम्मे मिळण्यापेक्षा भेसळ वाईट, हे या रोगाचे अंकगणित आहे.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर याचा अर्थ भीषण होता. फुटलेल्या धमनीसाठी पोट उघडल्यावर शल्यविशारदाला भिंत ओल्या टिपकागदासारखी लागे. चिमटा लावला की तिथे भोक, टाका ओढला की चीर, चीर शिवायला जावे तर ती आणखी लांब. रोगाचे निदान पुष्कळदा असे टेबलावरच होई. निदानासाठी धमनीत सुई घालून रंगद्रव्य सोडण्याची तपासणी तेव्हा सर्रास केली जाई. त्या सुईनेही धमन्या फाटत. शिवाय मार्फानमध्ये कामी आलेला व्यासाचा आकडा इथे उपयोगाचा नव्हता. प्लीहेची, मूत्रपिंडाची, कमरेची अशा मध्यम आकाराच्या धमन्या आधी न फुगताही फुटत.

सिअॅटलच्या पीटर बायर्स यांच्या प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी वाढवून हे कोलॅजेन तपासले जाई. तिथल्या नोंदींवरून मेलनी पेपिन, बायर्स आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये २२० रुग्ण आणि त्यांचे १९९ बाधित नातेवाईक यांचे चित्र मांडले. विसाव्या वर्षापर्यंत पाव रुग्णांना आणि चाळिसाव्यापर्यंत ८० टक्क्यांहून अधिकांना मोठा आघात झाला होता. आयुर्मान ४८ वर्षांच्या आसपास होते. गरोदर राहिलेल्या ८१ स्त्रियांपैकी १२ गरोदरपणाच्या गुंतागुंतीने दगावल्या होत्या. शल्यविशारदांनी यातून जी शिस्त घेतली ती मार्फानच्या बरोबर उलटी होती. शक्य तोवर सुरी लावायची नाही. रक्त कोंडून आपोआप थांबत असेल तर थांबू द्यायचे. उघडावेच लागले तर धमनी जोडत न बसता बांधून टाकायची, चिमट्यांचे जबडे मऊ आच्छादनाचे ठेवायचे, रक्तदाब खाली ठेवायचा. पुढे धमनीत बारीक नळी सरकवून धातूची वेटोळी सोडून ती आतून बंद करण्याचा मार्ग मिळाला, तरी मांडीतले प्रवेशाचे छिद्रच घातक ठरण्याची धास्ती राहिली. आतून फुलणाऱ्या स्टेंट-नळ्या मोहक वाटल्या तरी त्या भिंतीवर सतत बाहेरच्या दिशेने रेटा देतात. कच्च्या भिंतीत त्या नेमाने वापरू नयेत, असाच तज्ज्ञांचा कल राहिला.

दोन टोकांच्या या दोन नियमांमध्ये काही कुटुंबे सापडली. त्यांची त्वचा पातळ होती, धमन्या नागमोडी होत्या आणि फुटतही होत्या, पण तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेन ठीक होते. हॅल डिट्झ यांनी १९९१ मध्ये मार्फानचा दोष फायब्रिलिन या प्रथिनाच्या जनुकात असल्याचे दाखवणाऱ्यांत भाग घेतला होता. २००५ मध्ये त्यांनी आणि बेल्जियमच्या बार्ट लुईस यांनी या तिसऱ्या गटाचा दोष पेशींना संदेश देणाऱ्या एका ग्राही प्रथिनाच्या दोन जनुकांत शोधला. लुईस-डिट्झ सिंड्रोम म्हणून तो ओळखला जातो. पुढच्या वर्षी ५२ कुटुंबांचा अहवाल आला. रुग्णांचे मृत्यूचे सरासरी वय अवघे २६ होते, म्हणजे रोग मार्फानहून उग्र. आश्चर्य दुसऱ्या आकड्यात होते. धमन्यांवरच्या ५९ शस्त्रक्रियांपैकी फक्त एकीत रुग्ण टेबलावर दगावला. या धमन्या लवकर फाटत, पण टाका धरत. यांपैकी काहींची गणना पूर्वी धमन्या फोडणाऱ्या एलर्स-डान्लोसमध्ये झाली असती आणि सुरी लावू नये या शहाण्या नियमाने त्यांना शस्त्रक्रियेपासून दूर ठेवले असते. त्यांच्यासाठी आता मार्फानपेक्षाही कमी व्यासाला, साडेचार सेंटिमीटरच्या आतबाहेर, मूळ बदलण्याचा विचार होतो.

औषधांची बाजू संमिश्र राहिली. १९९४ मध्ये ७० रुग्णांच्या चाचणीत प्रोप्रॅनोलॉल या औषधाने मार्फानमध्ये महाधमनीचे फुगणे मंदावले. २००६ मध्ये उंदरांत लोसार्टनने फार मोठी आशा दाखवली, पण २०१४ मध्ये ६०८ मुले आणि तरुणांच्या चाचणीत ते अॅटेनोलॉलपेक्षा सरस ठरले नाही. रक्तवाहिन्यांच्या एलर्स-डान्लोसमध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधली सेलिप्रोलॉलची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्या २५ जणांपैकी ५ जणांना आणि न घेणाऱ्या २८ पैकी १४ जणांना धमनीचा आघात झाला. फरक एवढा स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. युरोपात ते या रुग्णांना दिले जाते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून मंजुरी नाकारली.

२०१७ च्या वर्गीकरणात एलर्स-डान्लोसचे तेरा प्रकार आहेत आणि रक्तवाहिन्यांच्या प्रकाराचे निदान जनुकचाचणीवरच पक्के होते. निदान आधीच माहीत असलेल्या रुग्णावर, अनुभवी हातांनी, ठरवून केलेली शस्त्रक्रिया पूर्वी वाटे तितकी हताश उरलेली नाही. अपघातविभागात अनोळखी डॉक्टरसमोर जाण्याची वेळ येईल म्हणून बरेच रुग्ण रोगाचे नाव लिहिलेले कार्ड खिशात बाळगतात. अशा रुग्णाचे पोट किंवा छाती अचानक दुखू लागली तर आधी सीटी स्कॅन करावा आणि धमनीत विनाकारण सुई घालू नये, हे त्या डॉक्टरला सर्वांत आधी कळावे लागते.